मातीचे परीक्षण करतो, मग ताटाचे का नको?



साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर बेताने खा असे लिहायचे, म्हणजे आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहून गिऱ्हाईक परत पाठवण्यासारखे आहे, असे काही मंडळी म्हणतील. म्हणोत बापडे. ऊस लावणारे आपण, साखर काढणारे आपण आणि सकाळी उठून मधुमेहाची गोळी घेणारेही आपणच. तेव्हा हा विषय आपल्या पत्रिकेत नाही काढायचा तर कुठे काढायचा?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा लेख साखरेच्या विरुद्ध नाही, भाकरीच्या विरुद्ध नाही आणि दिवाळीच्या लाडवाच्या तर मुळीच नाही. आमचे म्हणणे इतकेच की, गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपले काम बदलले, राहणी बदलली, पण जेवणाशी असलेले आपले नाते कोणी नीट बसून तपासले नाही. ते तपासायला शिकलेला माणूस असतो. त्याला आहारतज्ज्ञ म्हणतात. हा माणूस कारखान्याने सभासदांच्या आणि कामगारांच्या दारापर्यंत आणावा, आणि आपण लाज न बाळगता त्याच्यापुढे बसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे पुढे मांडतो.

काम बदलले, ताट तेच राहिले

आपल्या भागाची गोष्ट नव्याने सांगायला नको. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीला एमआयडीसी झाली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहू लागले. ज्या चाकणला लोक कांद्याच्या बाजारासाठी जात होते, तिथे आता पहाटे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. मावळ, मुळशी, खेड, हवेलीतल्या ऊस उत्पादकाच्या घरातला एक तरी मुलगा आज पाळीवर जातो.

बापाने बैलाच्या मागे चालून दिवस काढला. तो सकाळी भाकरी खाऊन निघायचा, दुपारी बांधावर बसून खायचा, आणि खाल्लेले संध्याकाळपर्यंत घामावाटे जायचे. मुलगा कंपनीच्या बसमध्ये बसून जातो, एका जागी उभा राहून नटबोल्ट आवळतो नाही तर संगणकापुढे बसतो, आणि बसमध्ये बसूनच परत येतो. शेतावर राहिलेला भाऊही आता ट्रॅक्टरवर बसतो आणि मोटार मोबाईलवरून चालू करतो. भाकऱ्या मात्र तितक्याच. वर कँटीनचा वडा, सुटीच्या दिवशी हायवेच्या ढाब्यावरची थाळी, आणि कोणी भेटला की चहा.

त्यात पाळ्यांची तऱ्हा वेगळी. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीवाल्याचे जेवण संध्याकाळी सातला होते, रात्री एकला कँटीनमध्ये पुन्हा पोट भरते, पहाटे झोप येऊ नये म्हणून दोन चहा, आणि सकाळी घरी आला की आई म्हणते, ‘रातभर जागलास, दोन घास खाऊन झोप.’ तिचेही काही चुकत नाही. पण हिशेब केला तर गडी चोवीस तासांत चारदा जेवला आणि तरी म्हणतो, ‘माझं खाणं काहीच नाही.’

या सगळ्याचा परिणाम दिसू लागला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक काठावर उभे आहेत. काठावरच्यांचा आकडा मोठा आहे, तो ध्यानात ठेवा. त्यांच्याचसाठी हा लेख जास्त आहे.

आपल्याच जिल्ह्यात कळलेली गोष्ट

‘आम्ही काय ढेरपोटे आहोत काय? आम्हाला कशाला होतोय डायबेटिस?’ असे पुष्कळ जण म्हणतात. याचे उत्तर शोधायला परदेशात जावे लागत नाही. ते आपल्याच पुणे जिल्ह्यात सापडले आहे.

चाकणहून शिक्रापूरकडे गेले की पुढे भीमेकाठी वढू बुद्रुक लागते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते गाव सर्वांना ठाऊक आहे. या वढूत पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच बायाबापड्यांना शिकवून आरोग्यसेवेत उभे करण्याचे ते काम होते. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. अभ्यासातल्या या बायका आपल्यासारख्याच शेतकरी घरांतल्या होत्या.

त्यांना काय दिसले? आपल्याकडचे बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचे, आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टन गावातले बाळ सुमारे साडेतीन किलोचे. हातपाय, पोट, स्नायू सगळ्यात आपले बाळ बारीक. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे दिसायला काटकुळे, पण आत चरबी राखून असलेले. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांनी स्वतःचीच तुलना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण साहेबाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! तराजूने दोघांना एकच माप दिले, पण आतला माल वेगळा निघाला.

म्हणून आपल्या लोकांनी नुसत्या वजनकाट्यावर भरवसा ठेवू नये. शिंप्याची टेप घ्यावी आणि पोटाचा घेर मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला, की अंगाने बारीक असला तरी तपासून घ्यावे.

याच सहा गावांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे जास्त भरलेली होती. इकडे आपण काय केले? बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी तणनाशक मारून घालवली आणि दूध डेअरीला घातले. घरातल्या सुनेच्या वाटेला सगळ्यांचे झाल्यावर उरलेले कोरड्यास. ऊस जोमदार यावा म्हणून आपण बेणे निवडून घेतो. घरातल्या बेण्याकडे मात्र लक्ष नाही.

आहारतज्ज्ञ करतो तरी काय?

आपल्याकडे समज असा की, आहारतज्ज्ञ म्हणजे एक छापील कागद देणारी बाई. भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, आंबा बंद. कागद घरी आणायचा, देवळीत ठेवायचा, आणि चार दिवसांनी विसरायचा. असा कागद देणारे आहेतही. पण ते खरे काम नव्हे.

माती परीक्षणाचे उदाहरण घ्या. सगळ्या गावाने एकाच मापाने युरिया टाकला तर काय होते, हे आपण पाहिले आहे. कोणाचा ऊस नुसताच वाढून लोळतो, कोणाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून आपण मातीचा नमुना काढतो, नत्र, स्फुरद, पालाश किती ते बघतो, पाण्याची सोय बघतो आणि मग डोस ठरवतो. चांगला आहारतज्ज्ञ हेच माणसाच्या बाबतीत करतो.

तो पहिल्यांदा विचारतो, ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते सांगा.’ आपण सांगतो, ‘काय नाय हो, दोन वेळच्या भाकरी.’ मग तो हळूहळू सोडवत जातो. चहा किती? कपात की पेल्यात? साखर चमच्याने की मुठीने? कोणती पाळी? कंपनीत काय खाल्लं? स्वयंपाक कोण करतं? घरात माणसं किती? महिन्याला तेल किती लागतं? साखर किती? झोप किती? औषध कोणतं, आणि ते जेवणाआधी घेता की नंतर? रक्ताचे रिपोर्ट बघतो. आणि मग म्हणतो, ‘यातली कोणती एक गोष्ट तुम्हाला बदलता येईल?’ एकदम दहा गोष्टी नव्हे, एकच. पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा बोलावतो. जमले नसेल तर रागावत नाही, का जमले नाही ते विचारतो.

हिशेब किती साधा असतो बघा. चहाच्या एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप, म्हणजे ५० ग्रॅम. साखरेच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, म्हणजे निव्वळ चहातून २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की, दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी वरच्या साखरेतून याव्यात, आणि ५ टक्क्यांवर आणता आले तर अधिक चांगले. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ही मर्यादा ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम अशी बसते. म्हणजे आमच्या या गड्याची दिवसाची मर्यादा चहातच भरली. जिलेबीचा तर अजून विषयच निघाला नाही. कपाला एक चमचा केला आणि पाचाचे तीन कप केले, तर ५० चे १५ ग्रॅम होतात. चहा सुटला नाही, गोडी सुटली नाही, आणि उपाशीही राहावे लागले नाही.

‘मग आम्ही गूळ खातो, गूळ चालतो की!’ असे लगेच कोणीतरी म्हणते. चालत नाही हो. गूळही उसाचाच, आणि त्यातही बहुतांश साखरच. चव वेगळी, थोडे क्षार जास्त, पण रक्तातली साखर वाढवायला तो मागे हटत नाही. तसेच बाजरीच्या भाकरीचे. भाकरी चांगलीच आहे, पण चार भाकऱ्या त्या चारच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दोन हजार कॅलरींच्या दिवसाला त्यांनी धान्य सुमारे २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असे प्रमाण धरले आहे. आता आपले ताट डोळ्यांपुढे आणा. धान्याचा ढीग, आमटीचे पाणी आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. यात विदेशी काही आणायचे नाही. हुलगा, मटकी, पावटा, हरभरा, शेपू, चाकवत, अंबाडी, ताक, सगळे आपलेच आहे. मावळच्या माणसाला भात सोडा म्हणणारा आहारतज्ज्ञ मावळात टिकायचा नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला इंद्रायणी तांदूळ हा आपला अभिमान आहे. पण त्याच भाताची एक मूद कमी करून शेजारी उसळीची वाटी ठेवली, तर पोट भरते आणि रक्तातली साखरही एकदम उसळत नाही.

‘नुसतं सांगून काय होतंय?’ असे विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी काठावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षे प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीसारखा जुजबी सल्ला दिला, त्यांच्यापैकी १०० त ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना खाण्याबद्दल आणि चालण्याबद्दल वारंवार भेटून समजावले, त्यांच्यात हे प्रमाण १०० त ३९ वर आले. नुसत्या बोलण्याने आणि मागे लागण्याने १६ माणसे वाचली. गावात काठावरचे शंभर असतील, तर ती सोळा घरे कोणती, याचा ज्याने त्याने विचार करावा.

पथ्य म्हणजे शिक्षा नव्हे

आता जरा नाजूक बोलतो. खाण्याच्या बाबतीत आपल्या घराघरांत जे चालते, ते पाहिले की वाईट वाटते. दादांना मधुमेह निघाला की त्या दिवसापासून घरातली सगळी मंडळी पोलीस होतात. सून डबे वर ठेवते, मुलगा टोमणे मारतो, नातू ‘आबांनी लाडू खाल्ला’ म्हणून चहाडी करतो. ज्या माणसाने घर उभे केले, तो स्वतःच्याच घरात चोरून खायला लागतो. लग्नात गेला की सगळे राखलेले एकदम बाहेर पडते, चार गुलाबजाम खातो, मग रात्रभर मनाला खातो, आणि दुसऱ्या दिवशी त्या पश्चात्तापापोटी जेवतच नाही. गोळी मात्र घेतो. मग दुपारी घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते.

अशा वेळी काय करायचे, हे साखर कारखान्याच्या सभासदाला तरी माहीत असावे. साखर उतरल्याची ही लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे म्हणजे १५ ग्रॅम साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, कमीच असेल तर पुन्हा तितकीच द्यावी, आणि मग काहीतरी खाऊ घालावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा. पाहा, साखर इथे औषध झाली. म्हणजे ती वैरीण नाही. तिची वेळ आणि तिचे माप चुकते, एवढेच.

आहारतज्ज्ञाचे मोठे काम आमच्या मते हेच आहे. तो माणसाच्या मनातली भीती आणि अपराधीपणा काढतो. ‘लाडू खाल्लात? बरं. किती? कधी? मग त्या जेवणातला भात कमी करता आला असता का?’ असे तो विचारतो. ज्याच्यापुढे खोटे बोलावे लागत नाही, त्याच्याजवळच माणूस खरे सांगतो. आणि खरे कळल्याशिवाय इलाज होत नाही. मातीचा नमुना बांधावरून चांगलीचुंगली बघून दिला, तर अहवालही खोटाच येणार.

आग्रहाचेही तसेच. पाहुण्याच्या ताटात नको म्हणताना वाढणे ही आपली माया आहे, मान्य. पण पाव्हणा मधुमेहाचा आहे हे माहीत असून ‘एकानं काय होतंय’ म्हणणे ही माया नव्हे. आणि ताटात टाकायचे नाही ही आपली शिकवण चांगलीच आहे. पण ती पाळायची तर आधी कमी वाढून घ्यावे, पोटाची कचराकुंडी करू नये.

देहू-आळंदीची आपली भूमी. एकादशी घरोघर होते. ती मोडा असे कोणी शहाणा आहारतज्ज्ञ म्हणणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. राजगिरा, शेंगदाणे, ताक, थोडेसे रताळे यांवर एकादशी कशी निभवायची, आणि त्या दिवशी गोळी-इन्सुलिनचे काय करायचे, हे आहारतज्ज्ञाला आणि डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. माळकऱ्याने माळही राखावी आणि पायही राखावेत. वारी पायानेच करायची असते.

दुसऱ्या टोकाचाही विसर नको. निगडी-चिंचवडला शिकायला गेलेल्या आपल्या काही मुली बारीक दिसायचे म्हणून जेवण टाकतात. आईला वाटते, अभ्यासाचा ताण आहे. अंगात रक्त नाही, चक्कर येते, पाळी चुकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले आहे. अशा मुलीला ओरडून उपयोग नाही आणि कौतुक करून तर नाहीच. तिलाही आहारतज्ज्ञाजवळ न्यावे, आणि गरज पडली तर मनाच्या डॉक्टरांकडेही. त्यात कमीपणा काही नाही.

शहाणा कोण आणि भोंदू कोण

सध्या सल्ला देणारे उदंड झाले आहेत. मोबाईल उघडला की एक म्हणतो तूप खा, दुसरा म्हणतो तेल बंद करा. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत आपल्या गावांतही बरेच जण पाळतात. कोणाला ती मानवली असेल, आम्ही वाद घालत नाही. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने, गरोदर बाईने आणि रात्रपाळीवाल्याने कोणतीही पद्धत आपल्या मनाने सुरू करू नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून चालू औषध तर बंद करूच नये.

डबे विकणाऱ्यांपासून मात्र जपावे. सकाळी चौकात वजन करून देतात, चरबी मोजून देतात, आणि शेवटी हजारो रुपयांची पावडर गळ्यात मारतात. आमची साधी खूण अशी की, जो आधी तुमचे ऐकतो तो तज्ज्ञ, आणि जो आधी डबा काढतो तो दुकानदार. पदवी विचारायला लाजू नये. अन्नशास्त्र, पोषण किंवा आहारशास्त्र शिकलेला माणूस असावा. पुण्यात एसएनडीटीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही संघटना १९६३ पासून आहे आणि ती परीक्षा घेऊन नोंदणीकृत आहारतज्ज्ञ असा दाखला देते. २०२१ साली केंद्राने आरोग्यसेवेतल्या पूरक व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यातही आहारतज्ज्ञाचा समावेश आहे. म्हणजे हा आता वाऱ्यावरचा धंदा राहिलेला नाही.

कारखान्याने काय करावे

एकट्या सभासदाला पिंपरीला किंवा पुण्याला जाऊन, रजा टाकून, फी भरून दर महिन्याला आहारतज्ज्ञाला भेटणे परवडणारे नाही. एकदा जाईल, दुसऱ्यांदा जाणार नाही. आणि हे काम एकदा जाऊन होत नाही. एकट्याला जे जमत नाही ते दहा जणांनी मिळून करायचे, यासाठीच तर १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हा संचालक मंडळापुढे आम्ही पुढील गोष्टी नम्रपणे ठेवतो.

पहिली. पदवीधर, नोंदणीकृत आहारतज्ज्ञ मानधनावर नेमून महिन्यातून दोन दिवस कारखान्यावर आणि आळीपाळीने गट कार्यालयांत बसवावा. सभासद, त्यांच्या घरच्या बाया आणि कामगार यांना खुला प्रवेश असावा. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला बरोबर आणण्याचा आग्रह असावा, कारण कागद पुरुषाच्या खिशात आणि चूल तिच्या हातात असेल तर काही बदलत नाही.

दुसरी. आपली कँटीन आधी सुधारावी. कायद्याने उपाहारगृहाची गोष्ट १९४८ च्या कारखाना अधिनियमापासूनच सांगितलेली आहे, आणि उपाहारगृहाच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत हेही त्यातच आले होते. गळीत हंगामात तिन्ही पाळ्या चालतात. रात्रपाळीला वड्याबरोबर उसळ, ताक, उकडलेली अंडी मिळावीत, आणि चहात साखर वेगळी ठेवावी. ज्याला हवी त्याने घालावी.

तिसरी. तोडणी कामगारांच्या कोप्यांवरही आहारतज्ज्ञाने जावे. तिथला प्रश्न उलटा आहे. पहाटे उठून दिवसभर कोयता चालवणाऱ्या बाईला भाकरी-चटणीपलीकडे मिळत नाही, आणि तिची पोरे उसाच्या कांडक्यावर दिवस काढतात. ज्यांच्या घामावर गव्हाणीत मोळी पडते, त्यांचे ताट आपल्या हिशेबाबाहेर ठेवता येणार नाही.

चौथी. सभासदांना सवलतीची साखर देताना पिशवीबरोबर एक चिठ्ठी द्यावी. घरातली माणसे मोजा, महिन्याची साखर भागून बघा. पाच माणसांच्या घरात पाच किलो लागत असेल, तर माणशी दिवसाला ३३ ग्रॅम झाली, बाहेर खाल्लेली वेगळीच. घरचा आकडा ज्याचा त्याला कळू द्या.

‘सभासदच साखर कमी खायला लागले तर कारखाना चालायचा कसा?’ हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारणार, म्हणून उत्तर इथेच देतो. कारखाना सभासदाच्या चहाच्या कपावर चालत नाही. आपली साखर शीतपेये, बिस्किटे, मिठाई करणाऱ्यांकडे पोत्यांनी जाते, आणि आज उसापासून इथेनॉलही होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले आहे. ऊस विकायला वाटा आहेत. पण सभासदाचे मूत्रपिंड निकामी झाले, पाय कापावा लागला, नजर गेली, तर ऊस लावणार कोण आणि बिल उचलणार कोण? डायलिसिससाठी एकरभर जमीन विकल्याची उदाहरणे आपण गावोगाव ऐकतो. एमआयडीसीने घेतलेल्या जमिनीचे निदान पैसे तरी हातात आले.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हाही विषय निघावा, असे आम्हाला वाटते. दरासाठी आपण भांडतो, ते योग्यच आहे. पण मिळालेला दर अंगी लागण्यासाठी अंगही धड असावे लागते. संचालक मंडळाने विचार करावा, आणि सभासदांनी तोवर घरची टेप काढून कमरेचा घेर मोजून ठेवावा, ही विनंती.

जय सहकार!